लावलेली रोपे आणि जगलेली झाडे

स्वयंसेवी वृक्षारोपणाची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहता अगदी सोपा वाटतो. किती झाडे लावली हे विचारावे आणि मिळालेला आकडा टिपून घ्यावा! भारतात गेली पंचाहत्तर वर्षे बहुतांशी हेच होत आले आहे. १९५० च्या जुलै महिन्यात तत्कालीन केंद्रीय अन्न व कृषी मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. सामान्य नागरिकाच्या मनात झाडाविषयी आस्था निर्माण व्हावी, हा त्यामागील हेतू निश्चितच स्तुत्य होता. तथापि ही प्रथा रुळताच तिच्यावरचा विनोदही रुळला : पाहुणे नवे, रोप नवे, खड्डा मात्र गेल्या वर्षीचाच. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी हा विनोद कधी ना कधी ऐकला असेल. त्याला हसणे सोपे आहे. परंतु गेल्या वर्षीचे रोप का मेले आणि ते मेल्याची नोंद कोणी केली, हे विचारणारे थोडे असतात. आणि या व्याख्यानाचा विषय नेमका तोच आहे.

एखाद्या उपक्रमावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरविण्यासाठी प्रथम थोडे अंकगणित पुरते. ११ जुलै २०१६ रोजी उत्तर प्रदेशात चोवीस तासांत सुमारे ५ कोटी रोपे लावण्यात आली आणि या कामात सुमारे ८ लाख लोक सहभागी झाले, असे जाहीर झाले. त्या वेळी हा जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. माणशी हिशेब केला तर साठ-बासष्ट रोपे येतात. खड्डे आधीच तयार असतील, तर हे काही अशक्य काम नव्हे. पुढचा हिशेब मात्र अधिक बोलका आहे. दोन-दोन मीटर अंतरावर रोपे लावली तर एका हेक्टरात अडीच हजार बसतात. म्हणजे ५ कोटी रोपांना २० हजार हेक्टर जमीन हवी. ती जमीन काल कशासाठी वापरली जात होती, हे कोणी सांगितले आहे काय? पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक रोपाला आठवड्यास केवळ १० लिटर पाणी द्यावयाचे ठरविले, तर आठवड्याला ५० कोटी लिटर पाणी लागेल. १० हजार लिटरच्या टँकरने मोजावयाचे झाल्यास हे ५० हजार टँकर होतात. अर्थात तराईतील ओलसर जमिनीत प्रत्येक रोपाला हाताने पाणी घालावे लागत नाही, हे खरे. पण बुंदेलखंडातील खडकाळ माळावर ते घालावे लागते. जो उपक्रम रोपांचा आकडा सांगतो आणि पाण्याचा सांगत नाही, त्याने अर्धीच हकीकत सांगितली असे समजावे.

हाच हिशेब लहान प्रमाणावरही करून पाहता येतो. एखाद्या शाळेने टेकडीवर हजार रोपे लावली असतील, तर मे महिन्यात तिला आठवड्याला एक टँकर हवा. मे महिन्यात शाळेला सुटी असते. त्या टँकरचे पैसे कोण देणार आणि तो टेकडीवर कसा चढणार, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी तयार आहेत, त्याने काम केवळ एका दिवसापुरते केलेले नाही, हे लगेच कळते.

यानंतरचा प्रश्न मोजणीचा. तुर्कस्तानात ११ नोव्हेंबर २०१९ रोजी देशभर दोन हजारांहून अधिक ठिकाणी मिळून १ कोटी १० लक्ष रोपे लावण्यात आली. शासनाच्या हाकेला प्रतिसाद देऊन लक्षावधी नागरिकांनी त्यात उत्साहाने भाग घेतला. जेमतेम तीन महिने लोटले आणि कृषी व वन कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेने काही ठिकाणांची पाहणी करून सांगितले, की तेथील रोपांपैकी ९० टक्क्यांपर्यंत रोपे मेली आहेत. लागवडीची वेळ चुकली, पाऊस अपुरा झाला आणि काम जाणकारांच्या हातून झाले नाही. शासनाने हे साफ नाकारले. ९५ टक्के रोपे सुस्थितीत आहेत, असे त्याचे म्हणणे होते. एकाच देशातील, एकाच दिवशी लावलेल्या रोपांविषयी हे दोन आकडे! यांतला कोणता खरा, हे दूर बसून ठरविता येणार नाही. पण ते का ठरविता येत नाही, हे मात्र सांगता येते. कोणती ठिकाणे पाहावयाची हे कोणत्याही पक्षाशी संबंध नसलेल्या माणसाने निवडले, त्याने ठरावीक अंतराने चौकटी आखून त्यांतील प्रत्येक रोप मोजले आणि चौकटींच्या जागा नोंदवून ठेवल्या, असे दोन्ही बाजूंनी मान्य केलेले काहीच तेथे नव्हते. पाहुण्याला कोणता भाग दाखवावयाचा हे यजमानानेच ठरविले, तर रस्त्यालगतची हिरवी रांग दाखविली जाणार, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यात लबाडी असतेच असे नव्हे.

टक्केवारीतही एक फसवी जागा असते. शेतकऱ्याला नांग्या भरणे ठाऊक असते : उगवण झाली नाही तेथे पुन्हा बी किंवा रोप लावावयाचे. वृक्षारोपणातही नांग्या भरतात, आणि ते योग्यच आहे. परंतु समजा हजार रोपे लावली, चारशे मेली, पुढच्या पावसाळ्यात तीनशे नवी लावली आणि ती सर्व जगली. आता जागेवर नऊशे रोपे आहेत. अहवालात ‘नव्वद टक्के रोपे जिवंत’ असे छापून येते. वस्तुतः एकूण तेराशे रोपे लागली आणि त्यांतील नऊशे राहिली, म्हणजे प्रमाण ६९ टक्क्यांचे झाले. दोन्ही विधाने करणारा माणूस प्रामाणिक असू शकतो. फक्त पहिल्याने मेलेल्यांची नोंद ठेवलेली नसते.

आणि मोजावे केव्हा? उष्णकटिबंधीय व उपोष्ण आशियातील १७६ ठिकाणच्या लागवडींचा एकत्रित अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षात सरासरीने १८ टक्के आणि पाच वर्षांअखेर ४४ टक्के रोपे मेल्याचे त्यात आढळले. सरासरीपेक्षाही लक्षणीय होती ती ठिकाणाठिकाणांतील तफावत : काही ठिकाणी ८० टक्क्यांहून अधिक रोपे जगली होती, तर काही ठिकाणी जवळजवळ तितकीच मेली होती. तेव्हा पहिल्या दिवाळीला काढलेले छायाचित्र हा फारसा पुरावा होत नाही. भारत सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रीन क्रेडिट’ योजनेत आरंभी दोन वर्षांनंतर झाडांच्या संख्येवर श्रेय देण्याची पद्धत होती; २०२५ मध्ये ती बदलून किमान पाच वर्षांचा काळ आणि वृक्षछत्राची घनता या कसोट्या आणण्यात आल्या. सरकारी नियमांतसुद्धा मोजणीचा दिवस असा पुढे सरकला, हे महत्त्वाचे आहे.

मोजणी ही कामाच्या शेवटी करावयाची गोष्ट नसून कामाच्या रचनेतच गुंफावयाची असते, हे ज्यांनी ओळखले, त्यांत केनियातील वांगारी माथाई यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ५ जून १९७७ रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेच्या मिरवणुकीने नैरोबीतील कामुकुंजी उद्यानात सात झाडे लावली. सातच! पुढे ‘ग्रीन बेल्ट मूव्हमेंट’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या चळवळीचा हा आरंभ. माथाईबाई स्वतः जीवशास्त्रज्ञ होत्या. पण त्यांचे वेगळेपण दिसते ते हिशेबात. देशाच्या लोकसंख्येइतकी, म्हणजे माणशी एक याप्रमाणे दीड कोटी रोपे लावण्याची कल्पना त्यांनी वनखात्याच्या प्रमुखाला सांगितली, तेव्हा तो हसला आणि हवी तितकी रोपे फुकट घेऊन जा म्हणाला. वर्षभराच्या आत त्याला आपला शब्द मागे घ्यावा लागला. बायकांची मागणी सरकारी रोपवाटिकांना पुरेनाशी झाली होती. मग बायकांनी स्वतःच बी गोळा करून रोपे करावयास प्रारंभ केला. वनाधिकाऱ्यांनी दिलेले शिक्षण त्यांना जड वाटले, तेव्हा त्यांनी ते बाजूला ठेवले आणि आयुष्यभर शेतात बी पेरताना जे शिकल्या होत्या त्यावर भिस्त ठेवली. फुटक्या मडक्यांतही त्यांनी रोपे वाढविली. पदवी नसलेल्या वनाधिकारी असे त्यांना पुढे कौतुकाने म्हटले जाऊ लागले.

खरी मेख पुढे आहे. या बायकांना मोबदला मिळत असे, तो रोप लावल्याबद्दल नव्हे, तर रोप जगल्याबद्दल. रक्कम अगदी क्षुल्लक होती, जगलेल्या रोपामागे सुमारे चार अमेरिकी सेंट. तथापि त्या क्षुल्लक रकमेमागे एक संपूर्ण शिस्त उभी होती. ज्याला रोपे हवीत त्याने आधी खड्डे खणावयाचे; ते खणल्याची खात्री झाल्यावरच रोपे द्यावयाची; काही महिन्यांनी गटातील कोणीतरी जाऊन किती जगली ते पाहावयाचे आणि नमुन्याच्या कागदावर भरून पाठवावयाचे; मगच पैसे. मोबदला जगण्याशी बांधला की मेलेले रोप लपविण्याचा मोह होतो, ही शंका रास्त आहे. पण येथे पाहणारी बाई आणि लावणारा शेतकरी एकाच गावचे असत. शेजाऱ्याच्या बांधावर झाड आहे की नाही, हे गावात फार काळ लपत नाही. माथाईंना २००४ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, तोवर चळवळीने सुमारे ३ कोटी झाडांचा आकडा सांगितला होता. तो चळवळीचा स्वतःचा आकडा आहे, हे विसरू नये. परंतु ज्या आकड्याच्या तळाशी हजारो गटांचे असे कागद असतात, त्याचे वजन व्यासपीठावरून उच्चारलेल्या आकड्याहून निराळे असते.

भारतातील उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. गढवालमधील चमोली जिल्हा ‘चिपको’मुळे जगाला ठाऊक झाला. १९७३ मध्ये मंडल येथे आणि २६ मार्च १९७४ रोजी रेणी येथे गौरादेवी व त्यांच्या सोबतिणींनी ठेकेदाराच्या माणसांना परत पाठविले, ही कथा पाठ्यपुस्तकांत पोचली आहे. त्यानंतरची कथा तितकी पोचलेली नाही. चंडीप्रसाद भट्ट व गोपेश्वर येथील दशोली ग्राम स्वराज्य मंडळ यांना हे स्पष्ट दिसत होते, की कुऱ्हाड अडविल्याने उघडे पडलेले डोंगर पुन्हा झाकले जाणार नाहीत. १९७० च्या अलकनंदेच्या महापुराने त्या उघड्या डोंगरांची किंमत दाखवूनच दिली होती. म्हणून गावोगाव शिबिरे भरू लागली. बाहेरून विद्यार्थी, शिक्षक, कार्यकर्ते येत. गावकरी त्यांच्याबरोबर राबत. दिवसाचा मोठा भाग रोपे लावण्यात जात नसे. तो दगडी भिंती रचण्यात जात असे. गुरे आत शिरली तर सारे व्यर्थ, हे डोंगरातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. भिंत झाली की चराई थांबे, आणि झाड मोठे होण्याच्या कितीतरी आधी आत गवत माजे. ते कापून आणण्याचा हक्क गावच्या बायकांचा. म्हणजे राखण करण्याचे फळ पहिल्या-दुसऱ्या वर्षीच पदरात पडू लागले.

पुढे महिला मंगल दलांनी रोपांच्या निवडीतही लक्ष घातले. चीड लवकर वाढतो, पण त्याखाली चारा होत नाही; बायकांना हवा होता बांज आणि चाऱ्याची इतर रुंदपर्णी झाडे. १९८० च्या दशकात अभ्यासकांनी या लागवडींची सरकारी लागवडींशी तुलना केली. मंडळाच्या रोपांपैकी ६५ ते ८० टक्के जगली होती. सरकारी लागवडीत हेच प्रमाण २० ते ५० टक्के होते. ही तफावत स्वयंसेवकांच्या उत्साहाची खचित नव्हे, कारण स्वयंसेवक शिबिर संपताच घरी जात. ती होती भिंतीची, गवताची आणि मागे राहणाऱ्या बायकांची. एखाद्या उपक्रमाची विश्वासार्हता पाहावयाची असेल, तर रोप मेल्यास कोणाच्या संसाराचे नुकसान होते, हे विचारून पाहावे. चमोलीत या प्रश्नाला उत्तर होते. पुष्कळ ठिकाणी या प्रश्नावर संयोजक एकमेकांकडे पाहू लागतात.

रोपे जगली, एवढ्यानेच उपक्रम सफल झाला असेही नाही. ती योग्य जागी जगली काय, हा वेगळा प्रश्न आहे. फिलिपाइन्समध्ये कित्येक दशके खारफुटीची लागवड मोठ्या हौसेने झाली, आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात रोपे जगण्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे १० ते २० टक्केच असल्याचे दिसले. कारण शिकण्यासारखे आहे. खारफुटी जेथे मुळात वाढत असे, ती किनाऱ्याजवळची जमीन मत्स्यतलावांखाली गेली होती आणि तिला मालक होते. मालक नसलेली जागा उरली ती खालची चिखलट, जी भरतीच्या वेळी फार काळ पाण्याखाली राहते. मग तेथेच कांदळ जातीची लांब बीजरोपे रांगेने टोचण्यात आली, कारण ती गोळा करावयास व लावावयास सोपी. अर्थात लागवडीची जागा झाडाच्या गरजेने ठरली नव्हती. ती ठरली होती वादाच्या भीतीने.

भारतात हीच गोष्ट माळरानांच्या बाबतीत घडते. दख्खनच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, सोलापूरजवळच्या नान्नजसारख्या ठिकाणी, विरळ झाडांची गवताळ भूमी ही उजाड झालेली वनभूमी नव्हे. तो स्वतंत्र निसर्ग आहे. माळढोक, लांडगा, काळवीट यांचे ते घर, आणि धनगरांच्या मेंढ्यांचे कुरण. सरकारी दप्तरात मात्र अशा जमिनी दीर्घकाळ ‘पडीक’ या सदरात राहिल्या. पडीक म्हटले की तेथे खड्डे खणावयास कोणाचीच हरकत नसते. जाणार ते मेंढपाळाचे, आणि त्याला सभेचे निमंत्रण क्वचितच असते. अशा माळावर लावलेली गिरिपुष्पाची सर्वच्या सर्व रोपे जगली, तरी त्या शंभर टक्क्यांचा जमाखर्च मांडताना गेलेले कुरण खर्चाच्या बाजूस लिहावे लागेल. या बाबतीत शहरी वृक्षप्रेमी सर्वाधिक भोळे असतात, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

परिणाम मोजणे हे तर जगणे मोजण्याहूनही कठीण. हिमाचल प्रदेशातील अनेक दशकांच्या शासकीय वृक्षारोपणाचा उपग्रह-चित्रांच्या साहाय्याने केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रकाशित झाला. लागवडीमुळे दाट वनाच्या प्रमाणात सरासरीने म्हणण्यासारखी वाढ झाली नाही, झाडांचे मिश्रण लोकांना उपयोगी रुंदपर्णी जातींपासून काहीसे दूर सरकले आणि लोकांना या झाडांचा प्रत्यक्ष उपयोग फारच थोडा झाला, असे निष्कर्ष त्यात निघाले. हे काम स्वयंसेवकांचे नव्हते, म्हणून त्यांनी निर्धास्त व्हावे असे मात्र नाही. तुलना कशाशी करावयाची, हे या अभ्यासाने दाखविले : लागवडीपूर्वी तेथे काय होते आणि लागवड झाली नसती तर काय झाले असते. दुसऱ्या भागाचे उत्तर कधीकधी चकित करणारे असते. नायजर देशातील मराडी भागात ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनाडो हे काही वर्षे रोपे लावीत होते आणि त्यांतील बहुतेक मरत होती. १९८३ मध्ये त्यांच्या लक्षात आले, की शेतात ज्यांना झुडपे समजून दरवर्षी छाटले जाते, ते तोडलेल्या झाडांचे जिवंत बुंधेच आहेत. शेतकऱ्यांनी त्यांतील काही फुटवे राखावयास सुरुवात केली. पुढील दोन दशकांत सुमारे ५० लक्ष हेक्टर शेतजमिनीवर झाडे परत आली, तीही प्रायः एकही रोप न लावता. महाराष्ट्रात ज्याला कुऱ्हाडबंदी व चराईबंदी म्हणतात, त्यातही हेच तत्त्व आहे. तेव्हा लागवडीच्या प्रत्येक जागेशेजारी एक तुकडा नुसताच राखून ठेवावा आणि पाच वर्षांनी दोन्हींची तुलना करावी. याला काही खर्च येत नाही. तरीही हे क्वचितच केले जाते, कारण राखलेल्या तुकड्यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही.

येथवरचे विवेचन ऐकून एखाद्या लहान मंडळाच्या कार्यकर्त्याला धसका बसण्याचा संभव आहे. रविवारी सकाळी दहा माणसे टेकडीवर जाऊन पाणी घालतात. त्यांनी उपग्रह-चित्रे कोठून आणावयाची? त्यांना ती नकोतच. पुरावा दाव्याच्या बेताचा हवा. ज्याने दोनशे रोपांचा दावा केला, त्याला एक वही पुरेल : रोपाचा क्रमांक, जात, लावल्याची तारीख, दरवर्षी जून महिन्यात जिवंत की मृत, आणि मेले असल्यास कशाने मेले—वाळवी, शेळी, वणवा की तहान. अशी वही पाहावयास मिळाली तर तिचे तिसऱ्या वर्षाचे पान उघडावे. त्यावर मेलेल्या रोपांपुढे कारणे लिहिलेली असतील, तर त्या मंडळाच्या जिवंत रोपांच्या संख्येवर विश्वास ठेवावयास हरकत नाही. उलट ज्या वहीत तीन वर्षांत एकही रोप मेलेले नाही, तिच्या मालकाबरोबर एकदा टेकडीवर जाऊन यावे. आणि ज्याने कोटीचा दावा केला आहे, देणगी घेतली आहे किंवा कारखान्याच्या धुराची भरपाई म्हणून झाडे विकली आहेत, त्याच्याकडून त्रयस्थाची मोजणी मागणे हा उद्धटपणा नव्हे. तो देणाऱ्याचा हक्क आहे.

मोजणीला सर्वांत सोपे काम कर्नाटकातील हुलिकल ते कुदूर या रस्त्यावर आहे. तेथे थिम्मक्का व त्यांचे पती चिक्कय्या या अपत्यहीन, शेतमजुरी करणाऱ्या दांपत्याने वडाची रोपे ओळीने लावली. घागरींनी पाणी वाहून घातले, गुरांपासून काट्यांचे कुंपण घातले, पावसाळ्याच्या तोंडाशी नवी रोपे लावली. ‘सालुमरद’ म्हणजे झाडांच्या रांगेची, हे बिरूद थिम्मक्कांच्या नावाला लोकांनीच जोडले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. वडांची संख्या सुमारे ३८५ सांगितली जाते, आणि ज्याला शंका असेल त्याने चार-पाच किलोमीटर चालत जाऊन मोजावी. त्याच २०१९ मध्ये रस्तारुंदीकरणाच्या आराखड्याने या वडांवर संकट आले. वृत्त प्रसिद्ध झाले, थिम्मक्कांनी मुख्यमंत्र्यांकडे धाव घेतली आणि झाडांना धक्का न लावता पर्यायी मार्ग शोधण्याचे आदेश निघाले. तोवर त्या वडांचे वय साठ-सत्तर वर्षांचे झाले होते.